अम्मीचं ताट आणि फॉर्ममधले रकाने

"नानी, तुम्ही आठवड्यातून किती वेळा ऑलिव्ह ऑइल खाता?"

भाचीनं हा प्रश्न विचारला तेव्हा अम्मी लसूण सोलत बसली होती. तिनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग भाचीकडं. म्हणाली, "वो क्या रहता गे?"

भाची आहारशास्त्रात एम.एस्सी. करतेय. पन्नाशी ओलांडलेल्या बायका काय खातात, हा तिच्या प्रकल्पाचा विषय. दिवाळीच्या सुट्टीत ती पंढरपूरला आली ती कागदांचा एक गठ्ठा घेऊनच. इंटरनेटवर मिळालेली तयार प्रश्नावली तिनं मराठीत आणली होती. "मामू, तुम्ही लिहिता. जरा भाषा तपासून द्या," म्हणाली.

मी वाचली. मराठी स्वच्छ होतं. पण फॉर्म मुळात कुठल्याशा बेटावरच्या लोकांसाठी बनवलेला. त्यात माशांचे अकरा प्रकार होते, चीजचे चार होते आणि भाकरी एकही नव्हती. पंढरपूरपासून जवळच मंगळवेढा. तिथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या ज्वारीवर वाढलेल्या माझ्या आईला कागद विचारत होता की ब्रेडचे किती स्लाइस खाता.

त्या दिवशी हसण्यावारी नेलं. पण पुढचे काही महिने भाचीसोबत मीही त्या फॉर्मच्या मागे लागलो. त्यातून आमच्या घराविषयी जे कळलं ते मला आधी माहीत असायला हवं होतं.

अशा प्रश्नावलीची कल्पना साधी आहे. पदार्थांची यादी करायची आणि प्रत्येकापुढं विचारायचं, किती वेळा खाता आणि किती खाता. अमेरिकेत वॉल्टर विलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली अशी ६१ पदार्थांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती खरी किती, हे तपासायला त्यांनी बोस्टन परिसरातल्या १७३ परिचारिकांकडून वर्षभरात चार वेळा, प्रत्येकी आठवडाभर, खाल्लेल्या अन्नाची मोजून नोंद करून घेतली होती. मग फॉर्मवरचं उत्तर आणि वहीतली नोंद ताडून पाहिली. यालाच प्रश्नावलीची पडताळणी म्हणतात. पडताळणी न झालेला फॉर्म म्हणजे दगड न तपासलेला तराजू. काटा हलतो, पण वजन खरं की खोटं ते कळत नाही.

आणि ही पडताळणी त्या त्या लोकांमध्येच व्हावी लागते. बोस्टनच्या परिचारिकांसाठी खरा ठरलेला फॉर्म पंढरपूरच्या बायकांसाठी खरा ठरत नाही. कारण यादीत जे नाही ते खाल्लंच नाही, असं कागद धरून चालतो. भाकरीचा रकाना नसेल तर हिशेबात अम्मी उपाशी.

मग आम्ही जुना फॉर्म बाजूला ठेवला आणि घरापासून सुरुवात केली. भाचीनं मोहल्ल्यातल्या आणि शेजारच्या गल्लीतल्या बायकांना एवढंच विचारलं, "घरात काय काय शिजतं?" वही भरत गेली. ज्वारीची भाकरी, बाजरीची भाकरी, कडक भाकरी, शेंगाचटणी, पिठलं, माठ, चुका, अंबाडी, दालचा, खिचडा, मोहरमचे चोंगे, मलिदा, शीरखुर्मा. शेजारच्या काकूंकडून भगर, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली ५२८ भारतीय अन्नपदार्थांचे पोषणतक्ते प्रसिद्ध केलेत. त्यात ज्वारी आहे, अंबाडी आहे. पण दालचा किंवा चोंगे शिजवून झाल्यावर त्यात काय उरतं ते भाचीला कृती लिहून, जिन्नस मोजून काढावं लागलं.

मग प्रश्न आला मापाचा. "एक भाकरी" म्हणजे केवढी? अम्मीची भाकरी वजनकाट्यावर ठेवली तर ती शेजारच्या काकूंच्या भाकरीपेक्षा चांगलीच जड निघाली. "एक वाटी" म्हणावं तर आमच्याकडं तीन आकारांच्या वाट्या. शेवटी भाचीनं घराघरातली भांडीच गोळा केली. वाटी, पळी, चहाचा कप, सगळ्यांत पाणी भरून मोजलं.

मोहल्ल्यात आणखी एक अडचण होती. आमच्याकडं बऱ्याच घरांत दस्तरखानावर एकाच मोठ्या ताटात तिघं-चौघं जेवतात. त्यातलं कुणाच्या पोटात किती गेलं, ते कोण सांगणार? एका खालांनी भाचीला उलट विचारलं, "बेटा, खाना गिनके खाते क्या?"

इथं भाचीला एक प्रश्न सुचला आणि मला वाटतं तोच त्या फॉर्ममधला सगळ्यांत मोलाचा प्रश्न होता. "तुम्ही जेवायला बसलात तेव्हा भांड्यात काय उरलं होतं?" हा प्रश्न ऐकून बायका थोडा वेळ गप्प व्हायच्या. मग सांगायच्या. कालवणातला रस्सा होता, बोटी नव्हती. दूध संपलं होतं. भाजीचं भांडं पुसून घेतलं. ही उत्तरं आमच्या मोहल्ल्यात जशी होती तशीच काकूंच्या गल्लीतही होती.

यानंतर वेळेचा गोंधळ. छापील फॉर्म विचारतो, "गेल्या बारा महिन्यांत." अम्मीच्या डोक्यात बारा महिने असे नाहीतच. तिथं वारी आहे, मोहरम आहे, हुरड्याचे दिवस आहेत, रमजान आहे. अब्बांचा चुरमुरे-बत्ताशांचा गाडा होता आणि आषाढी-कार्तिकीच्या कमाईवर आमचं वर्ष चालायचं. त्यामुळं आमच्या घराला दोन पंचांगं आहेत. भाचीनं "बारा महिने" खोडलं आणि लिहिलं, "मागच्या आषाढीपासून या आषाढीपर्यंत."

दोन्ही पंचांगांत उपवास आहेत. काकू माळकरी. त्यांच्या वर्षाला चोवीस एकादश्या, शिवाय संकष्टी. अम्मीचे रमजानचे तीस रोजे आणि पुढचे शव्वालचे सहा. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी मागं सरकतो. कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. २०२३ साली तर चैत्री एकादशी रमजानमध्येच आली होती. आणि उपवास म्हणजे कमी खाणं, असंही धरता येत नाही. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण काकूंनीच ऐकवली. अम्मीनं हसून भज्यांच्या परातीकडं बोट दाखवलं. इफ्तारचंही तसंच.

याहून मजेशीर गोष्ट ईदची आहे. २०२२ साली १० जुलैला आणि २०२३ साली २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. कुर्बानी तीन दिवसांत कधीही करता येते. राज्यात अनेक गावांतल्या मुस्लिमांनी ती त्या दिवशी न करता पुढं ढकलली. आमच्या घरीही तेच झालं. आषाढीच्या दिवसांत आमच्याकडं गोश्त शिजत नाही. कुणी सांगितलेलं नाही, अब्बांपासूनची रीत आहे. आता समजा, दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी फॉर्म घेऊन आलं असतं आणि विचारलं असतं, "काल काय खाल्लं?" बकरी ईदच्या दिवशी एका मुसलमानाच्या घरी काकूंनी पाठवलेली साबुदाण्याची खिचडी खाल्ली गेली, असं उत्तर मिळालं असतं. शेजारच्या घरून आलेल्या ताटाला फॉर्ममध्ये जागाच नव्हती. भाचीनं तोही रकाना घातला.

उपवास विसरल्यानं काय होतं, याचं जगप्रसिद्ध उदाहरण एका बेटावरचंच आहे. अँसेल कीज या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९५८ पासून सात देशांतल्या सुमारे १२,७०० पुरुषांचा आहार आणि हृदयविकार यांचा अभ्यास केला. त्यात ग्रीसचं क्रीट बेट सगळ्यांत निरोगी ठरलं. ऑलिव्ह ऑइलची जगभर जी कीर्ती झाली, ज्यामुळं ते अम्मीच्या फॉर्मपर्यंत पोचलं, तिच्यात क्रीटच्या या निकालांचा मोठा वाटा आहे. पण क्रीटचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेनं वर्षातले १८० ते २०० दिवस उपवास पाळतात. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध वर्ज्य असतं. २००५ साली सारी आणि काफाटोस या संशोधकांनी दाखवून दिलं की आहाराच्या नोंदीचा एक टप्पा ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात आला होता. अभ्यासातले ६० टक्के लोक तेव्हा उपवास करत होते आणि हिशेबात ही गोष्ट धरली गेली नव्हती. म्हणजे जग इतकी वर्षं तेलाची बाटली विकत घेत राहिलं आणि उपवासाकडं फारसं कुणी पाहिलं नाही.

फॉर्ममधला सगळ्यांत अवघड रकाना मात्र मांसाचा निघाला.

काकूंना विचारलं, "मांस?" त्या ताडकन म्हणाल्या, "कधीच नाही." आवाजात अभिमान होता आणि तो त्यांचा हक्क आहे. हाच प्रश्न घेऊन भाची आणि तिची वर्गमैत्रीण मोहल्ल्यात गेल्या तेव्हा बायका दाराकडं पाहायच्या. एकीनं सांगितलं, "आम्ही नाही खात." दुसरी म्हणाली, "ईदला तेवढं." अम्मीनंही त्या मैत्रिणीसमोर "चिकन, कभी कभी" एवढंच सांगितलं. मुलगी गेल्यावर मी विचारलं, "अम्मी, परवा तर बडे का आणलं होतं." ती म्हणाली, "वो लिखके लेके जाती ना. कागज किदर जाता किसकू मालूम?"

बडे का म्हणजे आता म्हशीचं. २०१५ च्या कायद्यानं महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. गाईवर ती आधीपासून होतीच. म्हशीवर ती बंदी नाही. म्हणजे अम्मीनं जे खाल्लं ते कायद्यानं मान्य, बाजारात मटणाच्या निम्म्याहून कमी भावाचं आणि रक्त कमी असलेल्या बाईला लोह देणारं. तरी ते सांगताना तिचा आवाज खाली गेला. गुन्हा नसलेली गोष्ट लपवावीशी वाटणं, हे आमच्या मोहल्ल्यातल्या आहाराविषयीचं एक सत्य आहे आणि ते कुठल्याच तक्त्यात येत नाही.

हे एकट्या अम्मीचं नाही. बालमुरली नटराजन आणि सूरज जेकब यांनी २०१८ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त देशातल्या मोठ्या सर्वेक्षणांची छाननी केली. सामाजिक आणि राजकीय दबावामुळं मांसाहार, त्यातही मोठ्या जनावराचं मांस, कमी सांगितलं जातं, असं त्यांचं म्हणणं. सर्वेक्षणांत गोमांस-म्हैसमांस खाणारे सुमारे ७ टक्के दिसतात, खरा आकडा १५ टक्क्यांच्या जवळ असावा, असा त्यांचा अंदाज. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तर "चिकन किंवा मांस" असं एकाच रकान्यात विचारतं. तिथं बकरा, कोंबडी, म्हैस सगळं एक होतं.

काही जण म्हणतील, मग नकोच विचारायला. पण न विचारण्याची किंमत असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवती बायकांचा अभ्यास केला. आहाराचं काम आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी पाहिलं. बायका एकूण किती उष्मांक आणि प्रथिनं खातात यावरून बाळाच्या वजनाचा उलगडा होत नव्हता. पण कोणता पदार्थ किती वेळा, हे विचारल्यावर दिसलं की पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या बायकांची बाळं मोठी होती. फक्त पोट भरलं का एवढंच विचारलं असतं तर मेथी-माठाची ही गोष्ट कळलीच नसती. पुढं याच दिशेनं मुंबईच्या वस्त्यांमध्ये पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ बायकांना देऊन पाहण्याचा मोठा प्रयोग झाला. एका नेमक्या प्रश्नातून एवढं उभं राहतं. मोहल्ल्यातल्या बाईच्या ताटाविषयी प्रश्नच विचारला नाही, तर तिच्यासाठी काही उभं राहणार कसं?

म्हणून भाचीनं विचारण्याची पद्धत बदलली. दारात उभं राहून विचारणं बंद. स्वयंपाकघरात बसून विचारायचं, तेही मोहल्ल्यातल्याच एका शिकलेल्या मुलीनं. कागदावर नाव नाही, फक्त क्रमांक. मांसाचा प्रश्न शेवटी, आणि "खाता का?" असा नाही, "कोणतं परवडतं?" असा. जनावराचं नाव उच्चारायचं नाही, चित्राच्या कार्डावर बोट ठेवायचं. यानं सगळ्या खरं बोलल्या असं मी म्हणणार नाही, पण दाराकडं पाहणं कमी झालं.

आमच्याच जिल्ह्यात याचा जुना धडा आहे. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्णालयात बसून नोंदी गोळा होणार नाहीत हे ओळखून तिथले कार्यकर्ते गावोगाव पुन्हा पुन्हा गेले, लोकांशी बोलले, आजाराविषयी सांगितलं आणि मग नोंदी मिळाल्या. खेड्यातली बाई अंगावरची गाठ जशी लपवते, तसंच हे आहे. आधी ओळख होते, मग माहिती मिळते.

शेवटी पडताळणी. भाचीनं प्रत्येक बाईकडं वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या वारी जाऊन "काल सकाळपासून काय काय खाल्लं" हे विचारलं आणि ते मोठ्या फॉर्मशी ताडलं. दोन्हीकडं आठवणीवरच भिस्त, त्यामुळं दोन्हींत सारखी चूक होऊ शकते, हे तिच्या मॅडमनी तिला बजावलंच होतं. तरी चित्र दिसलं. भाकरी, चहा, डाळ जुळली. पालेभाजी फॉर्ममध्ये जास्त होती, रोजच्या आठवणीत कमी. डॉक्टर चांगली म्हणतात म्हणून सगळ्या ती वाढवून सांगत होत्या. मांसाचं बरोबर उलटं.

याच फेऱ्यांमध्ये, रमजान तोंडावर असताना, ती अम्मीजवळ बसली. नवीन फॉर्ममध्ये उपवासाचं पान होतं. "रोज्यात औषधं कधी घेता, नानी?"

अम्मीला दहा वर्षांपासून शुगर आहे. "सबेरे की गोली सहरी में. वो छोडती नै मैं," ती अभिमानानं म्हणाली.

"आणि दुपारी कसं वाटतं?"

"हात थरथरते. पसीना आता. रोजे में होताच ना."

भाचीनं पेन खाली ठेवलं. साखर खाली गेल्यावर नेमकं हेच होतं, हे तिला माहीत होतं. रोजा हे कारण समजून अम्मी दहा रमजान ते सोसत आली होती. डॉक्टरांनी कधी रोज्याविषयी विचारलं नव्हतं, तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी त्याच घरात राहतो, मीही विचारलं नव्हतं.

आम्ही तिला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी गोळीची मात्रा आणि वेळ बदलली, दुपारी साखर तपासायला सांगितली आणि हात थरथरले तर त्याच क्षणी रोजा सोडा, म्हणाले. अम्मी ऐकेना. आजाऱ्याला रोज्यातून सवलत कुरआननंच दिलीय, हे तिला मशिदीतल्या मौलानांनी समजावलं तेव्हा कुठं मान हलवली.

रमजानच्या बाराव्या दिवशी दुपारी चारला तिचे हात थरथरले. तिनं स्वतः खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायली आणि मग भाचीला फोन लावायला सांगितला. "आज मेरा रोजा छूट गया," ती म्हणाली. "तेरे कागज में ये किदर लिखते?"

असा रकाना नव्हता. भाचीनं त्याच रात्री उपवासाच्या पानावर एक ओळ वाढवली: "उपवास किंवा रोजा मध्येच सोडावा लागला का? कशामुळं?" काकूंनीही त्यापुढं एक खूण केली.